बेलग्रेडच्या सावाकाठी, जुन्या ब्लॉकमध्ये घर घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त काही वर्षांसाठी सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडला जायचंय, सोबत पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. दलालाने नव्या बेलग्रेडात, सावा नदीच्या काठी, ब्लॉक ४५ मधला (तिथे ब्लॉक म्हणजे क्रमांक दिलेली अख्खी वसाहत) चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवलाय. आवडला तर पुढे विकतही देईन, असं मालक म्हणतो. घरच्यांचं मत मात्र ठाम आहे: पन्नास वर्षांची सरकारी कॉलनी, तीही नदीला चिकटून, कशाला हवी? तर इमारत टिकेल का, पूर येतो का, आणि एकूण राहायला कसं आहे?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. भाड्याने घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, मुलगी लहान असताना तर नक्कीच. विकत घ्यायचं असेल तर घाई करू नका. तुम्ही खोल्या, फरशी, स्वयंपाकघर बघताय आणि त्यात काही चूक नाही. पण त्या घराची खरी किंमत खोल्यांच्या बाहेर आहे: खालची झाडी, शाळेपर्यंतची पायवाट, नदीकाठचा कट्टा. आणि ह्यातलं काहीही तुमच्या खरेदीखतात येणार नाही.

मी वास्तुविशारद आहे. आधी ठाण्यात जुन्या सोसायट्यांच्या दुरुस्तीची कामं केली, नंतर बरीच वर्षं बेलग्रेडमध्ये जुन्या इमारतींवरच काम केलं. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं सांगतो.

सुरुवात जमिनीपासून करू. १९१८ पर्यंत सावा नदी ही दोन राज्यांची सरहद्द होती. दक्षिण काठावर सर्बियाचं बेलग्रेड, उत्तरेला ऑस्ट्रिया-हंगेरीचं झेमून, आणि मधे नुसती दलदल. सरहद्दीवर, तोफांच्या माऱ्यात कोण घर बांधणार? म्हणून शहराच्या किल्ल्यासमोरचा एवढा मोठा सपाट तुकडा शतकानुशतकं रिकामाच राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर समाजवादी युगोस्लाव्हियाने इथे नवी राजधानी वसवायचं ठरवलं. ११ एप्रिल १९४८ रोजी काम सुरू झालं. देशभरातून आलेल्या तरुणांच्या श्रमपथकांनी फावडी आणि ढकलगाड्या घेऊन ते सुरू केलं. नदीच्या तळातली वाळू पाण्यासकट उपसून नळांनी दलदलीवर सोडायची, पाणी झिरपून गेलं की वाळू उरते आणि जमीन वर येते, अशी ती पद्धत. त्याच वर्षी जूनमध्ये स्टालिनने युगोस्लाव्हियाला कम्युनिस्ट गोटाबाहेर काढलं, पैसा आटला आणि काम रेंगाळलं. खरा वेग आला तो पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी. सावाकाठचे ४५ आणि ७० हे ब्लॉक त्यानंतरचे, म्हणजे साठच्या दशकाची अखेर आणि सत्तरचं दशक.

तुमच्या दृष्टीने ह्या इतिहासाचा अर्थ काय? तुमची इमारत नदीतून उपसलेल्या वाळूच्या भरावावर उभी आहे. ऐकून दचकू नका. मातीचा, विशेषतः चिकणमातीचा भराव वर्षानुवर्षं खचत राहतो. वाळू लवकर बसते. जी खचायची ती पहिल्या काही वर्षांतच खचली. आज पन्नास वर्षांनी पायाच्या असमान खचण्याने पडलेली तिरकी भेग दिसली, तर ती जुनी आणि थांबलेली आहे की अजून चालू आहे, एवढंच पाहायचं. चालू असल्याचं लक्षण सोपं: नुकताच रंग दिलेल्या जिन्यातही ती पुन्हा उमटलेली असते. भूकंपात पाण्याने भिजलेली सैल वाळू कशी वागते, हा वेगळा विषय आहे, पण तो अख्ख्या नव्या बेलग्रेडचा आहे. चकचकीत नव्या टॉवरमध्ये गेलात म्हणून त्यातून सुटका नाही.

भूकंपाचा विषय निघालाच आहे तर इमारतीकडे येतो. २६ जुलै १९६३ रोजी स्कोप्ये शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं, हजाराहून जास्त माणसं गेली. तेव्हा स्कोप्ये युगोस्लाव्हियातच होतं. त्या धक्क्याने देशभरातल्या बांधकामाचे नियम बदलले आणि १९६४ पासून भूकंपाचा हिशेब धरून इमारती आखणं बंधनकारक झालं. म्हणून बेलग्रेडमध्ये जुनी इमारत बघताना मी पहिला प्रश्न विचारतो तो सालाचा. १९६४ च्या आधीची की नंतरची? ब्लॉक ४५ नंतरचा आहे, ही तुमच्या बाजूची गोष्ट. तुलनेने शहराच्या जुन्या भागातली, दोन युद्धांच्या मधल्या काळातली विटांची देखणी घरं मला जास्त काळजी लावतात. तुमच्या घरच्यांना त्यांचे फोटो दाखवलेत तर ती घरं नक्की आवडतील.

नव्या बेलग्रेडात अनेक इमारती इथल्याच एका पद्धतीने बांधल्या आहेत. ब्रँको झेझेल ह्या अभियंत्याने १९५० च्या दशकात ती विकसित केली. तिच्यात खांब आणि स्लॅबचे तुकडे कारखान्यात ओतायचे, जागेवर आणून जुळवायचे आणि पोलादी तारांनी दोन्ही दिशांनी ताणून आवळायचे. स्लॅब खांबावर टेकलेला नसतो; ताणलेल्या तारांच्या दाबाने तो दोन खांबांमध्ये घट्ट धरलेला असतो. ही पद्धत पुढे क्युबापर्यंत गेली. पण ब्लॉकमधली प्रत्येक इमारत ह्याच पद्धतीची असते असं नाही. काही पॅनेलच्या आहेत, काही जागेवर ओतलेल्या. तुमची कोणती, हे इमारतीच्या व्यवस्थापकाला विचारा. कारण ह्या तारांच्या पद्धतीत एक पथ्य आहे: स्लॅबमध्ये किंवा खांबाजवळ मनमानी भोकं पाडायची नाहीत. पूर्वीच्या मालकाने स्वयंपाकघर हलवलंय, एसीसाठी आरपार भोक घेतलंय, असं दिसलं तर नेमकं कुठे घेतलंय ते बघा.

प्रत्यक्ष फ्लॅट बघायला जाल तेव्हा दिवाणखान्यात बसून कॉफी घेण्याआधी तीन ठिकाणी जा. एक, तळघर. प्रत्येक घराला तिथे सामान ठेवायची एक छोटी खोली असते. भिंतीवर पांढरी क्षारांची रेघ किती उंचीवर आहे ते बघा, भूजल कुठवर येतं ते तीच सांगेल. दोन, इमारतीचं गच्चीखालचं घर. सपाट छप्पर हे ह्या काळातल्या इमारतींचं सगळ्यात दुखरं अंग. नव्वदच्या दशकात बेलग्रेडमध्ये एक प्रकार सर्रास झाला: छप्पर गळतंय, दुरुस्तीला पैसे नाहीत, मग एखाद्या बिल्डरला सांगायचं की वर एक-दोन मजले चढव, विकून टाक, बदल्यात आम्हाला छप्पर दे. आपल्याकडच्या पुनर्विकासाचं हे गरीब भावंड. तुमच्या इमारतीवर असा मजला चढवलेला असेल तर त्याचे परवाने आणि आराखडा मागा. तीन, ईशान्य आणि वायव्य कोपऱ्यातल्या खोल्या. कपाट पुढे ओढून त्याच्या मागची भिंत बघा. काळी बुरशी असेल तर तिथे काँक्रीट बाहेरच्या थंडीला थेट भिडलेलं आहे. कितीही रंग दिला तरी पुढच्या हिवाळ्यात ती परत येणार.

पाण्याचे आणि हीटिंगचे उभे नळ मूळचे असतील तर ते म्हातारे झाले आहेत, हे गृहीत धरा. ते सामाईक असतात, त्यामुळे तुम्ही तुमच्यापुरते बदलून भागत नाही. वरच्या चार घरांचं एकमत व्हावं लागतं. हा अनुभव तुम्हाला नवा वाटणार नाही.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय त्याकडे येतो. ब्लॉक ४५ चा नकाशा एकदा नीट बघा. युरी गागारिनच्या नावाच्या मोठ्या रस्त्याच्या बाजूला उंच इमारती, आणि नदीकडे जावं तसतशा त्या बुटक्या होत जातात. पाण्याजवळच्या इमारती मोजक्या मजल्यांच्या, अर्धवट चौक करून बसलेल्या. गाड्या कडेलाच थांबतात. आतून पायवाटा जातात, आणि शाळा, पाळणाघर आतच. मूल घरून निघालं की मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचतं. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पन्नास वर्षांची झाडं आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्याखाली उकाडा बराच कमी होतो. पलीकडे बंधारा, त्यावर चालायची आणि सायकलची वाट, मग नदी. मी जगातले बरेच नामांकित गृहप्रकल्प पाहिलेत. लहान मूल असलेल्या कुटुंबासाठी इतकं साधं आणि इतकं बरोबर नियोजन क्वचित पाहिलंय. इमारतींचे चेहरे रुक्ष आहेत, हे कबूल. पण रोजचं आयुष्य इमारतींच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांच्यामधल्या जागेत जातं.

हे शक्य झालं कारण जमिनीला किंमतच नव्हती. म्हणजे बाजारच नव्हता. युगोस्लाव्हियात अशी घरं ना सरकारची ना खासगी. 'सामाजिक मालकी' असा तिसराच प्रकार होता. कारखाने, कार्यालयं, विद्यापीठं, लष्कर हे सगळे पगारातून कापलेल्या पैशांच्या निधीतून घरं बांधायचे किंवा घ्यायचे आणि आपल्या लोकांना वाटायचे. ज्याला घर मिळालं त्याला तिथे राहण्याचा कायमचा हक्क मिळायचा, तो कुटुंबातही पुढे चालायचा. विकता मात्र येत नसे. वाटपात वशिले चालत, अधिकाऱ्यांना चांगली घरं मिळत, आणि आयुष्यभर कपात भरूनही रांगेत राहिलेली माणसं पुष्कळ होती. समाजवादाच्या आठवणीने गहिवरणाऱ्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांना हे विचारलंत तर तेही मान्य करतात, फक्त दुसऱ्या पेल्यानंतर.

मग देश फुटला. १९९० आणि १९९२ च्या कायद्यांनी राहत्या भाडेकरूंना आपापली घरं विकत घ्यायची मुभा दिली. त्याच वेळी चलनवाढीचा आगडोंब उसळला. जानेवारी १९९४ मध्ये महिन्याला कोट्यवधी टक्क्यांनी भाव चढत होते, पाचशे अब्ज दिनारची नोट छापली गेली. दिनारमध्ये ठरलेले घराचे हप्ते काही आठवड्यांत चिल्लर होऊन जायचे. अशा रीतीने काही वर्षांतच जवळजवळ सगळी घरं खासगी झाली, बरीचशी नाममात्र किमतीत. आज तुम्हाला घर दाखवणारे मालक बहुधा त्याच पिढीतले किंवा त्यांची मुलं असतील.

पण विकली गेली ती फक्त घरं. घरांमधली जमीन विकलीच गेली नाही. बहुतेक ब्लॉकमध्ये हिरवळ, पायवाटा, खेळाची मैदानं हा सगळा प्रचंड तुकडा सार्वजनिक मालकीत राहिला. इमारतीच्या नियमित वापरासाठी तिच्याभोवतीची किती जमीन लागते, हे ठरवून वेगळा भूखंड पाडायची तरतूद कायद्यात आहे, पण कित्येक इमारतींच्या बाबतीत ते झालेलंच नाही. कागदोपत्री इमारत आपल्या भिंतींपाशी संपते.

महाराष्ट्रातला माणूस हे दुखणं चटकन ओळखेल. सोसायटी झाली, तीस वर्षं झाली, पण जमिनीचं कन्व्हेयन्स नाही, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून बिल्डर. त्यासाठी आपल्याकडे २००८ मध्ये डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरने सही केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची सोय करावी लागली. नवी मुंबईत तर सिडकोने खाडीकाठच्या जमिनीवर क्रमांकाचे सेक्टर आखले आणि जमीन भाडेपट्ट्याने दिली. नव्या बेलग्रेडच्या क्रमांकाच्या ब्लॉकांमधून फिरताना मला वाशी-नेरूळची आठवण येते ती त्यामुळेच. फरक एवढा, की आपल्याकडे जमीन आपल्या नावावर करून घ्यायची कशासाठी, तर वाढीव एफएसआय घेऊन पाडून बांधायला. ब्लॉक ४५ मध्ये लोकांना जमीन हवी असते ती त्यावर कोणी काही बांधू नये म्हणून.

आणि बांधायला टपलेले कमी नाहीत. नदीपलीकडे, सावाच्या उजव्या काठावर २०१५ पासून 'बेलग्रेड वॉटरफ्रंट' नावाचा उंच टॉवरांचा प्रकल्प उभा राहतोय. डाव्या काठावर पूरसंरक्षक बंधाऱ्याला खेटून, जिथे एक वीटही ठेवायला बंदी, तिथे बेकायदा बंगले उभे राहिले. ते हटवावेत म्हणून लोकांनी आंदोलनं केली. डॅन्यूबच्या बाजूला १९६९ चं हॉटेल युगोस्लाव्हिया पाडायला निघाले तेव्हाही विरोधक तिथे ठाण मांडून होते. नव्या बेलग्रेडातल्या दोन इमारतींमधली रिकामी हिरवळ म्हणजे नियोजनकारांच्या भाषेत 'अविकसित भूखंड'. आराखड्यात एक दुरुस्ती आणि तुमच्या खिडकीसमोर बारा मजले. आतापर्यंत सावाकाठचे ब्लॉक बऱ्यापैकी वाचले आहेत. त्याचं श्रेय रहिवाशांच्या आरडाओरड्याला आहे, आणि थोडं, गंमत म्हणजे, पिण्याच्या पाण्याला. ह्या काठावर शहराच्या पाणीपुरवठ्याच्या खोल विहिरी आहेत. नदीचं पाणी वाळूतून गाळून त्यात झिरपतं, म्हणून त्यांच्याभोवती संरक्षित पट्टे आखलेले आहेत. बंधाऱ्यालगत फिरताना काँक्रीटची गोल ठेंगणी बांधकामं दिसतील, त्याच त्या विहिरी. तुमच्या खिडकीपासून त्या जितक्या जवळ तितकी तुमच्या दृश्याची हमी जास्त, असं मी गमतीत म्हणतो, पण पूर्ण गमतीत नाही.

म्हणून विकत घ्यायचा विचार पक्का झाला तर घराच्या कागदांइतकाच वेळ ब्लॉकच्या मंजूर तपशीलवार आराखड्यावर घालवा. तो सार्वजनिक असतो. शहराच्या नियोजन खात्यात किंवा एखाद्या स्थानिक वास्तुविशारदाला थोडे पैसे देऊन तुमच्या इमारतीच्या चारी बाजूंचे तुकडे कोणत्या वापरासाठी दाखवलेत ते बघून घ्या. आणि त्याहीआधी वकिलाला विचारा की तुम्हाला घेता येतं का. सर्बियात परदेशी व्यक्तीच्या खरेदीला परस्परतेची अट आहे: तुमच्या देशात सर्बियन नागरिकाला घर घेता येत असेल तर तुम्हाला इथे. भारतात परदेशी नागरिकाच्या खरेदीवर काय बंधनं आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. 'सगळे घेतात हो' असं दलाल सांगेल. लेखी मत घ्या, मगच विसार द्या.

आता पूर. घरच्यांची काळजी रास्त आहे. कृष्णाकाठचं सांगली किंवा पुण्यातली मुठाकाठची घरं डोळ्यांसमोर असतील तर कोणीही हेच म्हणेल. पण सावाचा पूर वेगळ्या चालीचा आहे. ब्लॉकपासून थोड्याच अंतरावर खाली ती डॅन्यूबला मिळते. दोन्ही नद्या एकदम भरल्या की सावाचं पाणी पुढे सरकत नाही, तुंबून हळूहळू चढतं. त्यातच १९७२ मध्ये खालच्या अंगाला डॅन्यूबवर जेर्दाप धरण झालं, त्याचा फुगवटा बेलग्रेडपर्यंत पोचतो. एप्रिल २००६ मध्ये बेलग्रेडला सावाची पातळी ७३८ सेंटिमीटरवर गेली, हा विक्रम. पण ती दिवसेंदिवस चढत गेली, एका रात्रीत घरात घुसली नाही. मे २०१४ च्या महापुरात बेलग्रेडच्या वरच्या अंगाचं ओब्रेनोवात्स गाव पाण्याखाली गेलं, माणसं दगावली. तेव्हा नव्या बेलग्रेडच्या काठावर हजारो लोक वाळूची पोती रचत होते, आणि शहर वाचलं. ब्लॉक ४५ आणि नदी यांच्यामध्ये बंधारा आहे आणि तुम्ही चौथ्या मजल्यावर आहात. तुमचा प्रश्न पुराचा नाही, भूजलाचा आहे, म्हणजे तळघराचा. तिथे पुस्तकं, गालिचे, मुलीच्या जुन्या खेळण्यांची खोकी ठेवू नका, बस.

नदीच्या पाण्यात मात्र पाय घालू नका. बेलग्रेडचं सांडपाणी प्रक्रिया न करताच नद्यांमध्ये जातं, हे शहराचं उघड गुपित आहे. पोहायला समोरचं आदा त्सिगानलिया आहे: नदीतलं बेट, ज्याच्या एका बाजूचा प्रवाह १९६७ मध्ये बांध घालून वेगळा केला आणि तिथे तलाव तयार झाला. उन्हाळ्यात ब्लॉक ७० च्या काठावरून छोट्या होड्या तिकडे नेतात.

राहण्याबद्दल थोडक्यात. थंडीत घर उबदार असेल. हीटिंग शहराच्या केंद्रातून येतं, १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल असा हंगाम. जुन्या इमारतींत बिल बहुतेक वेळा चौरस मीटरवर येतं, वापरावर नाही. त्यामुळे लोक जानेवारीत खिडकी उघडून बसलेले दिसतील. ह्या बिलात पाणी, कचरा, इमारतीची देखभाल असं बरंच एकत्र असतं आणि सगळे त्याला 'इन्फोस्तान' म्हणतात. मालकाकडून मागच्या हिवाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं असं एकेक इन्फोस्तान मागून बघा.

'कोशावा' नावाचा आग्नेयेकडून येणारा वारा शरद ऋतूपासून वसंतापर्यंत केव्हाही सुटतो आणि उंच इमारतींच्या फटींतून शीळ घालत फिरतो. छत्री विकत घेऊ नका, टोपी घ्या. हिवाळ्यात वारा नसला की धुरकं साचतं, आणि ते खरोखर वाईट असतं. मुलीला दम्याचा त्रास असेल तर घरात हवा शुद्ध करणारं यंत्र ठेवा. उन्हाळ्यात डास. नदी, झाडी आणि ओली जमीन एकत्र म्हटल्यावर आणखी काय होणार? खिडक्यांना जाळ्या आहेत का बघा, नसतील तर करारात घालून घ्या. काठाला बांधलेल्या तरंगत्या हॉटेलांना 'स्प्लाव' म्हणतात. काही म्हणजे मासळीच्या शांत खानावळी असतात, काही पहाटेपर्यंत ढोल बडवतात. शनिवारी रात्री अकराला फ्लॅटखाली जाऊन उभे राहा, दलालाला विचारून काही कळणार नाही.

शाळा जवळ आहे पण ती सर्बियन माध्यमाची, लिपी सिरिलिक आणि लॅटिन दोन्ही. पाच वर्षांची मुलगी वर्षभरात तुमच्यापेक्षा चांगलं बोलायला लागेल. आंतरराष्ट्रीय शाळेत घालायचं असेल तर रोजच्या प्रवासाचा हिशेब आधी करा. सार्वजनिक वाहतूक १ जानेवारी २०२५ पासून शहरभर फुकट आहे. ब्लॉक ४५ हे ट्रामचं शेवटचं ठाणं असल्याने बसायला जागा मिळते, पण सावावरचा जुना पूल हटवायच्या कामामुळे मार्गांत बदल झालेत, तेव्हा तुमच्या ऑफिसचा पत्ता टाकून आजचा मार्ग तपासा. गाडी घेणार असाल तर पार्किंगसाठी रोज भांडायची तयारी ठेवा; दर दोन घरांमागेही एक गाडी नसेल अशा काळातला हा आराखडा आहे.

भारतीय असल्याचं तिथे कुतूहल असेल, परकेपणा फारसा नाही. सप्टेंबर १९६१ मध्ये अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद बेलग्रेडला भरली, नेहरू आले होते. आलेल्या नेत्यांनी नदीसंगमाजवळ झाडं लावली, ते मैत्री उद्यान अजून आहे. सावाकाठच्या ह्याच ब्लॉकांमध्ये नेहरूंच्या नावाचा रस्ता आहे आणि गागारिन मार्गाच्या पलीकडे गांधींच्या. टॅक्सीवाल्याला 'नेहरूओवा' म्हणालात की तो बरोबर आणून सोडेल, आणि जरा वयस्क असेल तर युगोस्लाव्हियाचे तेव्हाचे अध्यक्ष टिटो यांच्याबद्दल पंधरा मिनिटं बोलेलही.

आता भाडेकराराआधी करायच्या गोष्टी. २०१६ च्या कायद्यानुसार प्रत्येक इमारतीत घरमालकांचा नोंदणीकृत समुदाय असतो आणि त्याचा एक व्यवस्थापक, 'उप्राव्निक'. तो रहिवाशांपैकी निवडलेला असेल किंवा पगारी व्यावसायिक. लांबलचक इमारतीत प्रत्येक जिन्याचा वेगळाही असू शकतो, म्हणून पत्ता घेताना जिन्याचा क्रमांकही घ्या. त्याला भेटून तीनच प्रश्न विचारा: निधीत किती शिल्लक आहे, पुढच्या दोन वर्षांत कोणती मोठी दुरुस्ती ठरली आहे, आणि लिफ्ट शेवटची कधी बंद पडली होती. बुटक्या, चार मजल्यांच्या इमारतींना बऱ्याचदा लिफ्टच नसते. तुमचा फ्लॅट अशा इमारतीतला असेल तर आई-बाबा भेटायला येतील तेव्हा त्यांचे गुडघे लक्षात घ्या.

मालकाने तुमचा पत्ता पोलिसांकडे चोवीस तासांत नोंदवायचा असतो, त्याच्या पावतीला 'पांढरं कार्ड' म्हणतात. ते नसेल तर पुढे निवास परवान्याचं काम अडतं. कर चुकवण्यासाठी काही मालक हे टाळतात आणि भाडं रोख मागतात. असा मालक असेल तर घर कितीही आवडलं तरी दुसरं बघा. त्याच ब्लॉकमध्ये तशीच घरं अजून मिळतील. करार लेखी असू द्या, इन्फोस्तान कोण भरणार ते त्यात लिहा, आणि मालकाचं नाव भूमापन नोंदीत खरंच आहे का ते ऑनलाइन नोंदवहीत पत्ता टाकून पाहा. विकत घ्यायची मुभा तोंडी देत असेल तर तिला सध्या काहीच किंमत देऊ नका. एक हिवाळा तिथे काढा, खालच्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांशी ओळख करून घ्या. समोरच्या हिरवळीवर कोणाचा डोळा आहे हे नियोजन खात्याआधी त्यांना कळलेलं असतं.